खून मध्यंतरानंतर

सुरतेत एक म्हण आहे: सुरतनुं जमण अने काशीनुं मरण. जेवावं सुरतेला, मरावं काशीला. या म्हणीत कामाची वाटणी इतकी चोख झालेली आहे की रहस्यकथा लिहिणाऱ्याची पंचाईतच होते. मरण हे खातंच दुसऱ्या गावाकडे दिलेलं. सुरतेत कोणाचा खून पाडायचा तर आधी त्याला काशीचं तिकीट काढून द्यावं लागणार. बरं, तो जेवल्याशिवाय निघणार नाही, आणि सुरती जेवण जेवलेला माणूस गाडी पकडत नाही, आडवा होतो.

मला मात्र नेमकं हेच करायचं होतं. भुताटकीचं नाट्यगृह, चालू प्रयोगात खून, संशय भुतावर, खुनी भलताच, आणि हे सगळं सुरतेत. मुंबई-पुण्याच्या वाड्यांत आणि बंगल्यांत मराठी लेखकांनी आजवर इतके मुडदे पाडलेत की तिथे नव्या माणसाला पडायला जागा उरलेली नाही. शिवाय मी राहतो सुरतेतच, उधन्याला. बँकेतून निवृत्त झालोय, आणि लहानपणी बाबूराव अर्नाळकर वाचलेला माणूस निवृत्तीनंतर कधी ना कधी खुनाकडे वळतोच. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांची माणसं आमच्या पिढीला वर्गशिक्षकांपेक्षा जवळची होती. पुढे नारायण धारप आले. धारप रात्री वाचायला घेतला की तहान लागली तरी माठापर्यंत जायचं नाही, कोरड्या घशाने उजाडायची वाट बघायची, असा आमच्या घरातला अलिखित नियम होता. रत्नाकर मतकरींनी तर भीती स्मशानातून उचलून सरळ मधल्या खोलीत आणून बसवली, चहाच्या कपाशेजारी. एवढ्या शिदोरीवर एक कादंबरी निघायला हरकत नव्हती.

हा बेत मी पहिल्यांदा बोललो तो आमच्या व्याह्यांपाशी. त्यांचा गोपीपुऱ्यात जरीचा पिढीजात धंदा. मराठी त्यांना सगळं कळतं, बोलताना मात्र क्रियापदाचं लिंग ते बाजारभावाप्रमाणे ठरवतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेवाई, भूत तर ठीक हाय. पण तेचा खर्च कोण देते?"

मी त्यांना या प्रकारातल्या मूळपुरुषाची गोष्ट सांगितली. गॅस्तों लरू नावाच्या फ्रेंच पत्रकाराने १९०९-१० मध्ये एका पॅरिसच्या वर्तमानपत्रात ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ क्रमशः लिहिली. ऑपेरा हाऊस खरं, त्याच्या तळघरात पाण्याचं भलंमोठं टाकं आहे तेही खरं. १८९६ च्या मे महिन्यात प्रयोग चालू असताना तिथल्या झुंबराचं वजन तुटून खाली आलं आणि प्रेक्षकांतली एक बाई दगावली, हेही खरं. लरूने या खऱ्या गोष्टींच्या मधोमध एक भूत बसवलं. भुताच्या अटी दोन. पाच नंबरचा बॉक्स रोज त्याच्यासाठी रिकामा ठेवायचा, आणि महिन्याला वीस हजार फ्रँक पोचते करायचे.

शेठ सावरून बसले. "म्हंजे पगारी भूत?"

"पगारीच."

"त्या टायमाचे वीस हजार. आणि तरी तो खून करते?"

"करतो."

"पगार चालू असताना?"

मी मान हलवली. भुताच्या अस्तित्वाबद्दल शेठना काहीही शंका नव्हती. चालू पगारावर कोणी असा उपद्व्याप करील, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. युरोपची पडझड का झाली हे आपल्याला आज समजलं, असं ते विहीणबाईंना म्हणाले.

मग मी जागा बघायला लागलो. सुरतेत नाट्यगृहं आहेत. पण नानपुऱ्याचं गांधी स्मृती भवन घ्यावं तर बापूंच्या नावाच्या वास्तूत खून करायला माझं मन धजेना. रंगउपवन उघड्यावरचं. त्याला छप्परच नाही, तर झुंबर टांगणार कुठे, आणि भुताने रात्रीच्या वेळी गूढ आवाज काढला तर तो बाहेरच्या रिक्षांच्या भोंग्यांत कोणाला ऐकू जाणार? हल्लीच्या वातानुकूलित सभागृहांत प्रत्येक कोपऱ्यात कॅमेरा. शिवाय सभागृह महापालिकेचं असलं की भुतालाही अर्ज, अनामत आणि अग्निशमनाचा दाखला. वर्षानुवर्षं बंद पडलेलं, कोळिष्टकांनी भरलेलं नाट्यगृह ही या कादंबऱ्यांची पहिली गरज असते. सुरतेत एखादी इमारत तशी बंद राहिली तर आठवड्याभरात तिथे साड्यांचा सेल लागतो.

त्यात विषाची अडचण निघाली. इंग्रजी रहस्यकथेत नायक पेला उचलतो, एक घोट घेतो आणि कोसळतो. गुजरातेत दारूबंदी. नाट्यगृहाच्या मेकअप रूममध्ये पेला सापडला तर पोलीस आधी विचारणार, बाटली आली कुठून? दमणहून की नवापूरहून? कोणाच्या गाडीतून? मुडदा बाजूला पडून राहील आणि शंभर पानं बाटलीच्या तपासात जातील. विष ताकात घालावं म्हटलं तर जिरं-हिंगाच्या फोडणीपुढे विषाचं काय चालणार? कोल्ड कोकोत घालावं, तर तो इतका दाट की खुनी ढवळत असताना पकडला जायचा.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे रिकामी खुर्ची. पाच नंबरचा बॉक्स रोज रिकामा, ही लरूची कल्पना पॅरिसात शोभते. गुजराती नाटकाचं अर्थशास्त्र वेगळं आहे. इथे तिकीटबारीवर कोणी फारसं विसंबत नाही. ‘सोशल ग्रुप’ नावाची मंडळं असतात, ती अख्खा प्रयोग विकत घेतात आणि सभासदांना सहकुटुंब बोलावतात. निर्मात्याला पैसे आधी, धाकधूक नाही. पण मंडळाचा प्रयोग म्हणजे बारशापासून पंच्याहत्तरीपर्यंतचं सगळं गोत हजर. कोणी रुमाल टाकून, कोणी पर्स ठेवून, कोणी नातवाला आडवं निजवून जागा धरलेली. त्या गर्दीत "ही खुर्ची भुताची आहे" असं डोअरकीपरने सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "आवशे त्यारे उठी जईशुं." येईल तेव्हा उठू. बिचारं भूत तीन अंक उभं राहणार.

आणि मध्यंतर. लंडनला अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ २५ नोव्हेंबर १९५२ ला लागलं. कोविडात पडदा पडला तेवढा सोडला तर ते चालूच आहे. शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतो, खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका, आणि इंग्रज लोक पिढ्यान्‌पिढ्या ती पाळतात. सुरतेत हा करार मध्यंतरात मोडेल. बटाटेवड्याच्या रांगेत मागचे काका पुढच्या काकांना खुन्याचं नाव सांगतील, पुढचे काका ते खोडून दुसरं सांगतील, पैजा लागतील, आणि तिसऱ्या घंटेपर्यंत कोणावर किती भाव चालला आहे हे विंगेतल्या खुन्यालाही कळलेलं असेल.

जागेचं राहू दे म्हणून मी भुताकडे वळलो. आमच्याकडे भुतांची वाण नाही. मुंजा, हडळ, वेताळ, खवीस, पाण्यापाशी गिऱ्हा, रस्ता चुकवायला चकवा. पण बहुतेकांना झाड तरी लागतं नाहीतर विहीर, आणि सुरतेत दोन्ही दुर्मीळ. मग वाटलं, माणसं आली तर भुतंही आलीच असणार की. इथली मराठी वस्ती मुख्यतः खानदेशची. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लोक भुसावळच्या गाडीने, ताप्ती लाइनने आले, उधना-लिंबायतला लूमवर लागले, आणि आता सुरतेत गणपती असा बसतो की गिरगावकरांनी रजा काढून बघायला यावं. गावचा पिंपळ तोडल्यावर तिथला मुंजाही याच गाडीने आला असेल, विनातिकीट.

मी प्रसंग लिहून काढला. रात्रीचे दोन. अंधारी विंग. नायकाच्या खांद्यावर गार हात पडतो आणि कानाशी घोगरा आवाज येतो: "कथा चालना रे भो?"

इथे घोटाळा झाला. अहिराणी कानावर पडल्यावर सुरतेतला मराठी माणूस घाबरत नाही, गाव विचारतो. गाव निघालं की तालुका निघतो, तालुक्यात मेहुण्याचा मेहुणा निघतो, आणि शेवटी भुताला कळण्याची भाकरी आणि ठेचा खायला घरी न्यावं लागतं. भुताची दहशत अनोळखीपणावर चालते. इथे तासाभरात सोयरीक जुळते. समंधाचं मात्र शेठना पटलं. पुरलेल्या धनावर वासना ठेवून मेलेला, धनाला हात लावू न देणारा समंध त्यांना फारच भावला. "हा ठेवू," ते म्हणाले. "दुकानच्या तिजोरीवर. रातचा वॉचमन काढून टाकते."

भुतांच्या बाबतीत सुरतेचा लौकिक आहे, नाही असं नाही. डुमसचा समुद्रकिनारा भारतातल्या झपाटलेल्या जागांच्या प्रत्येक यादीत असतो. काळी वाळू, म्हणे इथे पूर्वी प्रेतं जाळत, राख मिसळून वाळू काळी झाली. वाळूतल्या लोहखनिजाचं नाव कोणी काढत नाही, कारण लोहखनिज बघायला रात्री कोणी येत नाही. वेळी-अवेळी कुजबुज ऐकू येते, म्हणतात. येणारच. भूत बघायला आलेली चाळीस माणसं अंधारात एकमेकांशी कुजबुजतच असतात. भुताने खरंच दर्शन द्यायचं ठरवलं तरी त्याला सेल्फीच्या रांगेत उभं राहावं लागेल. आणि डुमसला जाऊन आलेल्या माणसाला "काय दिसलं?" विचारलं तर तो टोमॅटोच्या भज्यांबद्दल बोलायला लागतो.

मला वाटतं, या शहराला भुतांसाठी सवड झाली नाही. १८३७ च्या आगीत हजारो घरं गेली. १९९४ मध्ये प्लेग आला तेव्हा लाखो लोक गाव सोडून पळाले. २००६ च्या ऑगस्टात उकाईचं पाणी सुटलं आणि तापी माणसांच्या दिवाणखान्यांत शिरली. दुसऱ्या एखाद्या गावाने एवढ्या भांडवलावर दोन-तीनशे भुतं सहज पोसली असती. सुरतेने चिखल उपसला आणि शटर वर केलं.

गुजराती रंगभूमीला रहस्य वर्ज्य आहे असं कोणी समजू नये. यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’ आला १९६९ मध्ये. राजेश खन्ना, नंदा, एका रात्रीची गोष्ट, गाणं एकही नाही. तो बेतला होता ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावर, आणि ‘धुम्मस’ बेतलं होतं ‘साइनपोस्ट टू मर्डर’वर. एका प्रेताचे तीन भाषांत तीन पंचनामे. ‘धुम्मस’मध्ये काम करत होत्या सरिता जोशी, म्हणजे माहेरच्या भोसले. गुजराती रंगभूमीवरच्या गाजलेल्या खुनाच्या जागीही आपली भोसल्यांची मुलगी हजर होती, हे वाचून माझा ऊर भरून आला. शेठना मी हे अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, "पण पैसा गुजरातीचा." खुद्द सुरतेची आवड मात्र हसण्याची. इथल्या पारशी नाटकाचे यझदी करंजिया यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती लोकांना पोट धरून हसवल्याबद्दल. त्यांच्या रंगमंचावर कोणी मेलं असेल तर हसून.

एव्हाना मी कादंबरीचा नाद सोडायच्या बेतात होतो. मग म्हटलं, निदान सुरतेत आजवर घडलेली रहस्यं तरी बघू. आणि इतिहासाची पुस्तकं काढल्यावर लक्षात आलं की दोन अव्वल रहस्यनाट्यं इथे होऊन गेली आहेत, आणि दोन्हींत रंगमंचावर आपलीच माणसं.

पहिलं १६६४ च्या जानेवारीतलं. शिवाजी महाराजांचा तळ शहराबाहेर पडलेला. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडी मारून बसलेला. तो एका तरुण वकिलाला तहाची बोलणी करायला पाठवतो. बोलणी चालू असताना हा वकील एकाएकी खंजीर काढून महाराजांवर झेपावतो. पहाऱ्यावरचा मावळा एका घावात त्याचा हात तोडतो, पण तरुण त्या वेगातच महाराजांवर कोसळतो आणि दोघंही जमिनीवर. महाराजांच्या अंगावर रक्त. तळावर ओरडा होतो, महाराज गेले! कैद्यांची मुंडकी उडवायला तलवारी निघतात, आणि तेवढ्यात महाराज उठून उभे राहतात. सुरतेच्या इंग्रज वखारीतला पाद्री एस्कॅलियट याने मायदेशी लिहिलेल्या पत्रात त्या दिवसांची हकिगत आहे. आता सांगा, मेलेला माणूस उठून उभा राहतो यापेक्षा मोठा अंकाचा पडदा कोणत्या नाटककाराला सुचला आहे? आणि हे सगळं दिवसाढवळ्या, भरल्या तळासमोर.

दुसरं १९०७ चं. काँग्रेसचं अधिवेशन व्हायचं होतं नागपूरला. तिथे जहालांचा जोर म्हणून ते हलवलं सुरतेला, शांत व्यापारी गाव म्हणून. २६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उठले आणि गोंधळामुळे बैठक उठली. २७ ला टिळक व्यासपीठावर चढले, बोलू दिल्याशिवाय उतरत नाही म्हणाले, हाताची घडी घालून उभे राहिले. आणि मांडवातून एक जोडा भिरभिरत आला. सुरेंद्रनाथांच्या गालाला लागला आणि तिथून घसरून फिरोजशहा मेहतांवर गेला. पुढे काठ्या, खुर्च्या, पागोटी, सगळंच उडालं. त्या धुमश्चक्रीत टिळकांच्या अंगावर धावून येणाऱ्यांना अडवायला दोन्ही हात पसरून उभे राहिले कोण, तर त्यांचे जन्माचे विरोधक गोखले. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज वार्ताहर मांडवात होता. त्याने जोड्याचं वर्णन पंचनाम्याच्या शिस्तीने करून ठेवलंय. मराठी जोडा, तांबूस कातडं, टोक पुढे आलेलं, तळाला शिसं ठोकलेलं.

बघा म्हणजे. हत्यार सापडलं. जखमी सापडले. हेतू तर मांडवातल्या निम्म्या लोकांजवळ होता. साक्षीदार हजारोंनी. आणि जोडा फेकला कोणी? नेम कोणावर होता यावरही दोन्ही पक्षांची दोन मतं. अर्नाळकरांचा झुंजार असता तर त्याने एकच प्रश्न विचारला असता, दुसरा जोडा कुठे आहे? एका पायात जोडा आणि एक पाय अनवाणी असा मराठी माणूस त्या रात्री सुरतेच्या कुठल्या तरी धर्मशाळेत परतला असणार. पण पळापळीत इतक्यांचे जोडे गेले की त्या रात्री सगळेच संशयित अनवाणी होते. त्याने तो दुसरा जोडा काय केला असेल, या विचाराने मला अजून झोप लागत नाही. एवढा शिसं ठोकलेला दणकट जोडा कोणी फेकून देणार नाही. एकटा ठेवून उपयोग नाही. पुण्याला नेला असेल तर घरात काय सांगितलं असेल?

या दोन प्रसंगांनी माझी कादंबरी मार्गाला लावली. अंधार केला की रहस्य होतं, हा आम्हा लेखकांचा समज. सुरतेत रहस्य होतं ते दिवे चालू असताना, तुडुंब मांडवात, कारण प्रत्येकाने सगळं पाहिलेलं असतं आणि प्रत्येक जण ते सांगायला उतावीळ असतो. लंडनचा इन्स्पेक्टर साक्षीदार बोलत नाहीत म्हणून हैराण होतो. माझा सुरती इन्स्पेक्टर ते बोलायचे थांबत नाहीत म्हणून होईल. एक बाई खुन्याचा चेहरा सांगेल, दुसरी त्याच्या शर्टाचं कापड, मीटरचा भाव आणि ते कोणत्या मार्केटमधून घेतलं ते. हिरेवाला फक्त अंगठी सांगेल. वर इन्स्पेक्टर अस्सल सुरती असल्यामुळे त्याच्या बोलण्यात दर दोन शब्दांनी शिवी, ती छापता येत नाही, म्हणजे अर्धी कादंबरी नुसती टिंबं. नऊशे प्रेक्षक, नऊशे जबान्या, आणि खुनाच्या वेळी गप्प बसून नुसतं पाहिलेला असा एकच इसम, ते म्हणजे भूत. माझं भूत खून करत नाही. ते साक्षीदार आहे. नव्हे, तपास तेच करतं.

भूत कोण, याला मग फार शोधावं लागलं नाही. सुरतेच्या एका मुलाचं नाव हरिहर जेठालाल जरीवाला. १९३८ चा जन्म. पुढे मुंबईत इप्टाच्या नाटकांत गेला, विशी-बाविशीतच म्हातारा रंगवून प्रेक्षकांना फसवलं, आणि संजीवकुमार झाला. पालच्या ऑडिटोरियमला आज त्याचंच नाव आहे. ‘नया दिन नयी रात’ (१९७४) मध्ये त्याने नऊ भूमिका केल्या. म्हणजे ओळख परेडीला नऊ संशयित उभे करा, नऊही तोच. जरीवाला म्हटल्यावर शेठचे डोळे चमकले. "आपल्या लाइनीतला माणूस," ते म्हणाले. भूत आता घरचं झालं होतं.

पण खरी गंमत पुढे. के. आसिफ यांनी ‘लव्ह अँड गॉड’ सुरू केला गुरुदत्तला घेऊन. १९६४ मध्ये गुरुदत्त गेला. संजीवकुमारला घेतलं, तर १९७१ मध्ये खुद्द आसिफ गेले. पिक्चर रखडला. ६ नोव्हेंबर १९८५ ला संजीवकुमारही गेला, आणि पिक्चर लागला १९८६ मध्ये. कोणी कादंबरीत हे लिहिलं असतं तर संपादकाने समासात ‘अतिरंजित’ असं लिहून परत पाठवलं असतं. त्याच १९८६ मध्ये लागला ‘कत्ल’. त्यात संजीवकुमार आंधळा झालेला नाटकवाला, आणि खुनी. म्हणजे सुरतेच्या नटाने खून केला तोही स्वतः मेल्यानंतर. कुठल्या कोर्टात उभा करणार? आणि १९९३ मध्ये ‘प्रोफेसर की पडोसन’. नट मध्येच गेलेला, म्हणून गोष्ट फिरवून उत्तरार्धात त्याचं पात्र दिसणारच नाही अशी सोय केली, आणि आवाज दिला आपल्या सुदेश भोसल्यांनी. सुरतेचं भूत मराठी गळ्यातून बोललं! इथेही पुन्हा भोसले. शेठ म्हणाले, "आवाज तुमचा, माणूस आमचा. भागीदारी फिफ्टी-फिफ्टी."

मग कादंबरी भराभर पुढे गेली. माझं भूत जुन्या सुरती नटाचं. विंगेत बसून रोज प्रयोग बघतं, नव्या नटांच्या उच्चारांना नाक मुरडतं, आणि मध्यंतरात वड्यांचा वास घेऊन तेवढ्यावर भागवतं. मेलेला आहे निर्माता. संशयित आहेत ओडिया लाईटवाला, मराठी मेकअपमन, मुंबईहून आलेली नायिका, आणि मंडळाचे खजिनदार, ज्यांच्या हिशेबात अकराशे रुपयांचा फरक निघाला आहे. शेठनी खजिनदारांचं नाव लगेच कापलं. अकराशेच्या फरकासाठी खून होत नाही, रात्रभर वह्या तपासल्या जातात. त्यांचा संशय लाईटवाल्यावरही नव्हता. बिल थकलेलं असताना देणेकऱ्याला कोण मारतो? असे एकेक करून त्यांनी माझे सगळे संशयित हिशेबाच्या आधारे निर्दोष सोडले आणि शेवटी विचारलं, "विमा कोणी काढला होता?" मी विमा लिहिलेलाच नव्हता. आता लिहितोय.

पुस्तक अजून तीन प्रकरणं बाकी आहे, तोवर शेठनी त्याच्या नाटकाचा पहिला प्रयोग आपल्या मंडळासाठी विकत घेऊन टाकला. अनामतही दिली. तारीख चांदणी पडव्याची, शरद पौर्णिमेचा दुसरा दिवस, जेव्हा सगळं सुरत गच्चीवर, रस्त्यावर चांदण्यात बसून घारी आणि भुसू खातं. मी म्हटलं, त्या दिवशी नाटकाला कोण येणार? ते म्हणाले, सगळे येतील, फक्त वेळापत्रक आत्ताच ठरवा.

"खून केवढ्याला?"

"मध्यंतरानंतर," मी म्हटलं. "साधारण सव्वादहाला."

"पावणेदहाला करा. साडेदहाला घारी वाटायची हाय."

"आणि खुनी पकडायचा कधी?"

शेठनी वहीत काहीतरी टिपलं. "तो पण मंडळाचाच मेंबर ना? जेवून जाईल. पाचशे ऐंशी घारी सांगितल्यात, भूत धरून."